हात खिशात

"हात खिशात!"

रविवारी सकाळी आरे कॉलनीतल्या उतारावर आमच्या प्रथमोपचाराच्या मास्तरांचा वर्ग या आरोळीने सुरू व्हायचा. आमच्यातला एक जण जखमी असल्याचं नाटक करत दगडांत कण्हत पडलेला असायचा आणि बाकीचे आम्ही त्याच्याकडे धाव घ्यायचो. माणूस पडलेला दिसला की आधी हात खिशात घालायचे, दहा आकडे मोजायचे, नीट पाहायचं आणि मगच हात बाहेर काढायचे, हा त्यांचा पहिला धडा. बरेच जण तिथेच नापास व्हायचे.

आमच्यासारखे डोंगरवेडे तुम्हीही पाहिले असतील. आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात खुर्ची उबवायची आणि रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून सह्याद्रीवर उपकार करायला निघायचं. आडरानात कुणी जखमी झालं तर काय करावं, हे शिकायला आम्ही आलो होतो. खरं सांगायचं तर प्रमाणपत्राचा फोटो टाकायला आलो होतो.

मास्तर एका इस्पितळाच्या अपघात विभागातून वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झालेले. मूळचे मालवणकडचे. आमच्या बुटांकडे ते तुच्छतेने बघत आणि आम्ही त्यांच्या झिजलेल्या सँडल्सकडे.

"मुंबयची माणसा मदत करूनच मारतत," ते म्हणायचे. "पडलेल्याक उभो करतत, पाणी पाजतत, रिक्षेत कोंबतत. डोंगरात रिक्षा नाय, तेवढोच पेशंटाचो फायदो."

मला त्यांनी दोनदा नापास केलं. "तुझ्या हातांका दम नाय रे, मेल्या. माणूस मारशीत एक दिवस." त्यांची नक्कल करून मी ऑफिसात हशा मिळवायचो. तिसऱ्यांदा गेलो तो केवळ इरेला पेटून.

त्या वर्गात, दोर कुठे बांधायचा ते दाखवताना, शेवाळलेल्या कातळावरून त्यांचा पाय सुटला. चांगल्या पुरुषभर उंचीवरून ते पाठीवर आपटले. हे नाटक नव्हतं.

सगळ्यात जवळ मी होतो. मी काय केलं? त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं. वर "पाणी आणा, पाणी!" असं ओरडलोही मीच.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आता ठेव खाली," ते हळूच म्हणाले. "सावकाश. पाय कळणत नाय माका."

मग मान कशी धरायची, पाठीखाली फळी कशी सरकवायची, हे सगळं त्यांनी आडवं पडूनच, आम्हाला शिव्या घालत, आमच्याकडून करून घेतलं.

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, "पडल्यावर यांना कुणी उठवलं होतं का?" पाय गेले ते पडण्याने की उठवण्याने, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

खाटेवरून आवाज आला, "मीच उठान बसलंय, डॉक्टर. ह्येंचे सगळ्यांचे हात खिशात होते."

मी हात खिशात घातले.

आता ते गावी असतात, खाटेला खिळून. उतारावर वर्ग भरत नाही. जाण्याआधी त्यांनी आमच्या तुकडीचा निकाल पाठवला, आपल्या वाकड्या अक्षरात. सगळे पास होते, मी सोडून.

डॉक्टरला मी आजवर खरं सांगितलेलं नाही. निकाल बरोबरच आहे.