देवाच्या नजरेत येऊ नये म्हणून

लहानपणी काही महिने मी देवापासून लपून राहत होते. प्रार्थना सोडली नव्हती; तेवढं धाडस आमच्या घरात कुणातच नव्हतं. मी फक्त चांगलं वागायचं बंद केलं. रविवारच्या शब्बाथ शाळेत उत्तर येत असूनही चुकीचं द्यायचे, गीत पाठ असून मधल्याच ओळीला अडखळायचे. तिथे शिकवणाऱ्या मोठ्याबाईंनी निराश होऊन दुसऱ्या मुलाकडे पाहिलं की मला हायसं वाटायचं. आज तरी देवाचं लक्ष आपल्याकडे गेलं नसणार.

हे पनवेलमधलं. स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. माझे वडील मूळचे नगरकडचे, पनवेलला शाळामास्तर म्हणून आले होते. खाडीकडच्या एका आळीत आमचं भाड्याचं घर होतं. घरात आई, बाबा, मी आणि माझा दीड वर्षांचा भाऊ. गावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच होती आणि आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, मुंबईहून कधीमधी यायचे. मधल्या काळात आम्हा मुलांचा धर्म सांभाळायचं काम मोठ्याबाईंकडे होतं.

मोठ्याबाई विधवा होत्या. तरुणपणी त्या बायबलबाई म्हणून, बायकांना शास्त्र वाचून दाखवत, गावोगाव हिंडलेल्या. पांढरं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, आवाज खणखणीत. रविवारी उपासनेनंतर आम्ही सहा-सात मुलं त्यांच्या पडवीत चटईवर बसायचो. त्यांच्या मागे खिडकी होती आणि खिडकीतून खाडी दिसायची. ओहोटी असली की काळा चिखल उघडा पडायचा आणि त्याचा वास गोष्टीत मिसळायचा. मला आजही शास्त्रातली काही माणसं त्या वासासकट आठवतात.

त्या रविवारी त्यांनी म्हाताऱ्या बापाची गोष्ट सांगितली. म्हातारपणी झालेला एकुलता मुलगा देवाने त्याच्याकडे बळी म्हणून मागितला. बाप पहाटे उठला, लाकडं फोडली, मुलाला बरोबर घेतलं आणि डोंगराकडे चालू लागला. मुलाला काही सांगितलं नाही. लाकडं मुलाच्याच पाठीवर होती. मुलाने वाटेत विचारलं की लाकडं आहेत, विस्तव आहे, पण कोकरू कुठे आहे? शेवटी देवाने सुरी थांबवली आणि झुडपात शिंगं अडकलेला एक एडका, मेंढा, मुलाच्या जागी दिला, हे मोठ्याबाईंनी फार आनंदाने सांगितलं. मी मात्र वाटेवरच थांबले होते. त्या मुलाला केव्हा कळलं असेल, याचाच विचार करत.

मग त्या म्हणाल्या की देव ज्यांच्यावर जास्त प्रीती करतो त्यांचीच परीक्षा घेतो. एका मुलाने विचारलं, आमच्यातल्या कुणाची घेईल? मोठ्याबाई हसल्या. त्या दिवशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हिची घेईल. आणि ही पास होईल."

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. त्या हाताचं ओझं मला घरी येईपर्यंत जाणवत होतं.

त्याच आठवड्यात भावाला ताप आला. आधी साधाच वाटला. मग त्याचं दूध गिळणं बंद झालं, गळा दोन्ही बाजूंनी सुजला आणि श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून आत पाहिलं. घशात करडा पापुद्रा धरला होता. घटसर्प, ते म्हणाले. इंजेक्शन मुंबईहून आणावं लागेल, आणि मुलीला या खोलीत पाऊल टाकू देऊ नका.

घटसर्प हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या भावाच्या गळ्यात साप आहे, एवढंच मला समजलं.

माझं अंथरूण ओसरीवर आलं. आळीतली मुलं आमच्या दारासमोरून पळत जाऊ लागली. दूधवाला लोटी पायरीवर ठेवून हाक न मारताच निघून जायचा. मोळी विकायला येणारी बाई रस्त्यातच थांबून आईला म्हणाली, "बाय, तुमच्याकडं पोर आजारी हाय. माजी बी पोरं हायत. आमी आता नाय येत." तिचा राग कुणालाच आला नाही. फक्त शेजारचं घर तुटलं नाही. ते इस्रायल लोकांचं होतं, पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेले, आमच्यासारखंच मराठी बोलणारे यहुदी. तिथल्या काकू कुंपणावरून पेजेचं पातेलं द्यायच्या. काका मुंबईला नोकरीला होते आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी पोहोचायचे, कारण तेव्हापासून त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, सुरू व्हायचा. इंजेक्शनचा निरोप त्यांनाच पाठवला होता.

बाबा घरात असून नसल्यासारखे झाले. शाळेतून यायचे, आतल्या दाराशी उभे राहायचे आणि तो आवाज ऐकायचे.  मध्येच माझ्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

शुक्रवारी सकाळी, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा त्यांनी मला उठवलं. त्यांच्या हातात कोयता होता आणि खांद्यावर दोर.

"चल," ते म्हणाले. "टेकडीवर जाऊन येऊ."

मी आईला हाक मारणार होते. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आईचा नुकताच डोळा लागला होता, हे मला आज कळतं.

शिरढोणच्या रस्त्याने थोडं गेलं की डाव्या हाताला एक झाडोऱ्याची टेकडी होती. आम्ही त्या वाटेने निघालो. बाबा पुढे, मी मागे. रस्त्यात कुणी नव्हतं. भातखाचरं कापून मोकळी झालेली होती आणि त्यांवर धुकं बसलं होतं, त्यामुळे टेकडीचा फक्त माथा दिसत होता. बाबा एकदाही मागे वळले नाहीत. त्यांच्या पाठीवर दोर हलत होता आणि मी त्याच्याकडे बघत चालत होते. पळून जावं असं मनात आलं नाही. पळून जाणारी मुलगी नापास होते, हे मला ठाऊक होतं.  चढ लागला तरी मी त्या दोरावरची नजर काढली नाही.

वर पोहोचल्यावर बाबांनी वाळकी झुडपं तोडायला सुरुवात केली. मास्तर माणूस, त्यांना सवय नव्हती. घाव कुठेही पडत होते. थोडी लाकडं झाली तशी त्यांनी दोरात बांधली आणि मला जवळ बोलावलं. लहान मोळी माझ्या पाठीवर बसते का ते बघायचं होतं त्यांना. लाकडं पाठीला टेकली आणि मग मी विचारलं.

"बाबा, कोकरू कुठे आहे?"

 मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. कोयता त्यांनी लांब फेकला. मोळी माझ्या पाठीवरून उतरवली, खाली मातीत बसले आणि मला मांडीवर ओढून घेतलं, इतकी मोठी असून. घरातलं सरपण संपलं होतं, पाणी तापवायलासुद्धा काही नव्हतं, आणि मला घरातल्या त्या आजाराच्या हवेपासून थोडा वेळ दूर न्यावं म्हणून ते मला घेऊन आले होते. हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाले,

"मी तुला कुणाला देणार नाही. कुणालाच. देवाने मागितलं तरी नाही."

माझे वडील जेवायच्या आधी डोळे मिटल्याशिवाय घासाला हात न लावणारे. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच मी वर पाहिलं. धुकं विरलं होतं. आभाळ अगदी जवळ आणि मोकळं होतं. त्यांचं बोलणं तिथे ऐकू गेलं असणार.

काका त्या दिवशी दिवस मावळायच्या आत आले नाहीत. औषधाच्या दुकानात फार वेळ उभं राहावं लागलं होतं. दिवे लागून गेल्यावर ते तसेच थेट आमच्या दारात आले, शब्बाथ मोडून. घामाने भिजलेल्या खिशातून त्यांनी डबी काढून बाबांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पण ते बाबांच्या नजरेला नजर देत नव्हते.

शनिवारी उजाडताना करवतीचा आवाज थांबला. ओसरीवर मला वाटलं, बरा झाला. मग आईचा आवाज ऐकला.

सुताराने लहानशी पेटी करून दिली. पाळक वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं, म्हणून बाबांनीच प्रार्थना करावी असं सगळ्यांना वाटलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी मोठ्याबाईंनी केली. मी आईच्या पदराआडून त्या खड्ड्याकडे पाहत होते आणि मला सगळं नीट जुळत होतं, गणितासारखं. परीक्षा माझी होती. बाबांनी मला द्यायला नकार दिला. म्हणून देवाने माझ्या जागी झुडपातला एडका घेतला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर घरात एक बदल झाला होता, त्याबद्दलही कुणी बोललं नाही. जेवणाआधीची प्रार्थना आता आई करायची. बाबा मान खाली घालून ताटाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, तेही माझ्यासारखे लपलेत. एका घरात आम्ही दोघं लपलेलो, आणि आई एकटीच देवाशी बोलत होती.

रविवारमागून रविवार मी चुकीची उत्तरं देत राहिले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मोठ्याबाईंनी मला मुलं गेल्यावर थांबवून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला गुळाचा खडा दिला आणि विचारलं, एवढं पाठ असणारं पोर मुद्दाम का चुकतंय? मी तो खडा मुठीतच धरून ठेवला. मग सगळं बोलून गेले. त्यांचा हात, टेकडी, बाबांचं बोलणं, एडका.

मोठ्याबाई ऐकता ऐकता चटईवर माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या खाली बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. खिडकीबाहेर भरती चढत होती आणि खारफुटी हळूहळू बुडत होती. त्यांनी सांगितलं की त्यांना दोन मुली होत्या. पटकीच्या साथीत एका पाठोपाठ दोघी गेल्या. लोक म्हणाले, बाई, ही तुमची परीक्षा आहे. त्यांनी देवाला विचारलं की कसली, आणि मी किती गुण मिळवले? त्याने आजवर सांगितलं नाही.

"मग तुम्ही त्याच्यावर विश्वास कसा ठेवता?" मी विचारलं.

"रोज ठेवता येतो असं नाही," त्या म्हणाल्या. "पण भांडायला दुसरं कोण आहे मला? मी त्याच्याशीच भांडते. गप्प बसले नाही, एवढंच माझ्याकडून झालं."

मग त्या म्हणाल्या की गोष्ट त्यांनी तशी सांगायला नको होती, आणि डोक्यावर हात ठेवून तर नाहीच. तुझा भाऊ एडका नव्हता, त्या म्हणाल्या. त्याला आजार झाला होता आणि औषध उशिरा आलं. आणि बाबांचं बोलणं देवाने ऐकलं असेल तर त्याला त्याचा राग आला नसणार, कारण त्यालाही एक मुलगा होता आणि तो क्रुसावर मरताना त्याने पाहिला आहे.

हे मला सगळं पटलं असं नाही. पण त्यांनी वहाणा घातल्या, माझा हात धरला आणि मला घरी नेलं. बाबा ओसरीवर वह्या तपासत होते. मोठ्याबाई म्हणाल्या, "मला सांगितलंस ते यांना सांग."

मी सांगितलं. बाबांनी लेखणी खाली ठेवली. आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबा माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत म्हणाले,

"मलाही तेच वाटत होतं."

आईने तोंडाला पदर लावला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्यापैकी कुणी तिला विचारलंच नव्हतं की तिला काय वाटतं.

त्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी प्रार्थना केली. मोठ्याबाई जेवायला थांबल्या होत्या. प्रार्थना अगदी लहान होती. त्यांनी आभार मानले नाहीत की काही मागितलं नाही. ते म्हणाले की आम्ही इथे आहोत, आम्हाला फार दुःख झालंय, आणि आम्हाला तुझी भीती वाटते.  आमेन मोठ्याबाईंनी म्हटलं.

भीती गेली असं लिहिणं खोटं ठरेल. पुढच्या वर्षी मला बहीण झाली. ती धडधाकट होती, अजून आहे. पण ती पाळण्यात पहिल्यांदा खोकली तेव्हा आई सहज उठून तिला थोपटायला गेली. आणि मी व बाबा, ओसरीच्या दोन टोकांना बसलेले, एकमेकांकडे पाहत राहिलो, पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत.