मेव्हण्याचं पीं-पीं

आजवर जगात जी जी माणसं संगीताच्या नादी लागली, त्या सगळ्यांत संगीताचा सर्वांत जास्त छळ माझ्या थोरल्या मेव्हण्यानं केला, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. गळा असा, की देवळात तो भजनाला उभा राहिला की शेजारचा माणूस चप्पल बघायचं निमित्त करून लांब जायचा. टाळ हातात दिला तर वाजायचा, पण बाकीच्यांचे टाळ वाजून झाल्यावर. आणि असा हा गृहस्थ कुंभकोणममध्ये, जिथं ऑटोरिक्षावालासुद्धा नागस्वरम् जरा चुकलं की नाक मुरडतो, तिथं संगीतकार व्हायला निघाला. बरं, निघाला तो वीणा घेऊन नाही, बासरी घेऊन नाही, तर टीव्हीला जोडायचा एक घरगुती संगणक घेऊन.

मी मूळचा साताऱ्याचा. बँकेच्या बदलीनं कुंभकोणमला आलो आणि तिथल्या एका मराठी घराचा जावई होऊन बसलो. ही मंडळी मराठ्यांच्या राज्यात इकडं आली ती आलीच. दारात तमिळ, घरात मराठी. आणि मराठी अशी, की मेव्हणा कॉफीची साखर मागू लागला तरी मला कुणी तरी बखर वाचतंय असं वाटायचं. तिरुभुवनमच्या एका विणकर सोसायटीत तो रेशमी साड्यांच्या काठांचे नमुने काढायचा. चौकटीचा कागद घ्यायचा आणि एकेक घर भरत मोर, रुद्राक्ष, कोयरी उठवायची. त्या कामात त्याचा हात चांगला होता म्हणतात. मला साडीतलं कळत नाही, त्यामुळे मी मान्य करून टाकतो.

तर त्याचा कुणी मित्र सिंगापूरहून हा संगणक घेऊन आला होता. स्वतःच्या मुलांना त्याचा कंटाळा आल्यावर त्यानं तो याच्या गळ्यात मारला. दिसायला जाड टाईपरायटरसारखा, पोटात काही साठवून ठेवायची सोय नाही. त्यातून एका वेळी तीन सूर निघत आणि चौथी एक नुसती खरखर. सूर हवा असेल तर आकडे टाईप करायचे: एक आकडा उंचीचा, एक लांबीचा. मेव्हण्यानं पहिला आकडा घातला त्या दिवशी मी तिथं होतो. टीव्हीतून 'पीं' असा आवाज निघाला. मेव्हणा कृतार्थ झाला. पण ते पीं थांबेना. आम्ही कॉफी घेतली, पीं चालू. शेजारच्या बाई कुकर उतरवा म्हणून सांगायला आल्या, पीं चालूच. शेवटी मी उठून सरळ प्लग उपटला.

"भावजी, यंत्रास बोल म्हटलें तर बोलतें," मेव्हणा शांतपणे म्हणाला, "उगी राहा म्हणायचें मज अजून ठाऊक नाहीं."

ते शिकायला त्याला पुढचा सबंध आठवडा लागला, आणि तेवढे दिवस आमच्या गल्लीत कुत्रं फिरकलं नाही.

पुढं त्यानं गाणी चौकटीच्या कागदावर काढायला सुरुवात केली. आडव्या घरांत वेळ, उभ्या घरांत सूर. साडीचा काठ आणि सारंगीचा सूर यांत काही फरक असतो, हे त्याच्या गावीच नव्हतं. कागद डोळ्यांपासून लांब धरून तो म्हणायचा, "ह्या ओळींत मोर अधिक झाले, नाहीं का?" इकडच्या गाण्यात सूर कसा हलतो, झुलतो, एकातून दुसऱ्यात घसरतो. याचा सूर म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा. मग तो हलवण्यासाठी हा एका सुराच्या जागी बारीक बारीक वीस सूर घालू लागला, आणि खिळ्याच्या जागी शेळी ओरडू लागली. वीज गेली की सगळे आकडे पुसले जात, म्हणून ते कॅसेटवर उतरवून ठेवावे लागत. एकदा घरात कोरी कॅसेट सापडेना, तेव्हा या महाभागानं माझ्या नाट्यगीतांच्या कॅसेटवर आपले आकडे चढवले. पुण्याहून जपून आणलेली कॅसेट माझी! लावली, तर आतून रातकिड्यांच्या संमेलनासारखी किरकिर. महिनाभर मी त्याच्या घरची कॉफी सोडली होती, आणि ती कॉफी सोडणं काय असतं ते कुंभकोणमात राहिलेल्यालाच कळेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका गाण्यासाठी. आमच्या वहिनी, म्हणजे मेव्हण्याची बायको, या संगणक यायच्या आधी दोन-तीन वर्षं दम्यानं गेल्या. त्या जवळच्याच आडुतुरै गावच्या. लग्नात मुहूर्ताआधी वधूवरांना झोपाळ्यावर बसवतात, त्याला इकडं ऊंजल म्हणतात. त्या वेळचं एक मराठी गाणं त्यांनी माहेराहून आणलं होतं. घराण्यात कुठंही लग्न असो, ऊंजलला वहिनी पुढं आणि बाकीच्या मागं. त्या गेल्या आणि लक्षात आलं की शब्द सगळ्यांना येतात, चाल एकीलाही धड येत नाही. माझी बायको एक म्हणायची, तिची चुलतबहीण दुसरीच. मेव्हण्याला चाल पक्की आठवत होती, पण त्याच्या गळ्यातून ती बाहेर कशी यायची? मुलगी लग्नाला आलेली. तिच्या ऊंजलला तिच्या आईचं गाणं व्हायलाच हवं, एवढंच त्यानं धरलं होतं. आकडा घालायचा, ऐकायचं, मान हलवायची, आकडा खोडायचा. गाता न येणारा माणूस चूक मात्र बरोबर ओळखायचा, हे मला कबूल करावं लागेल.

गाणं पुरं झालं तेव्हा त्यानं मला आणि माझ्या बायकोला बोलावलं. ऐकलं. दाराच्या घंटीला कुणी गाणं शिकवलं तर ती जसं म्हणेल तसं ते होतं. आणि तिसऱ्या ओळीत, ऐन शब्दाच्या मध्ये, गाणं थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"अण्णा, इथं तुमचं यंत्र अडकतंय," मी म्हणालो. "एक आकडा गाळलाय तुम्ही."

"गाळला नाहीं. घातला आहे."

"अहो, शब्द तुटतोय."

"तुटूं द्या, भावजी. तें तसेंच हवें."

आता याच्यापुढं काय डोकं फोडायचं? मी बायकोकडं बघितलं, तर ती पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत बसलेली. हसू दाबत असेल असं मला वाटलं.

लग्नाच्या सकाळी मेव्हणा टीव्ही, संगणक आणि कॅसेट घेऊन मांडवात हजर. त्याच्या अंगावर नव्या कोऱ्या वेष्टीपेक्षा, म्हणजे इकडच्या धोतरापेक्षा, वायरीच जास्त होत्या. ऊंजल सुरू झालं. मेव्हणा वायरी जोडत होता आणि माइकवाल्याला म्हणाला, "कॅसेट लावा." त्याचा अर्थ संगणकाला लावा. माइकवाल्यानं, बिचाऱ्यानं, ती आपल्या टेपरेकॉर्डरला लावली. आकडे उतरवलेली ती कॅसेट, आणि मांडवावर चार कर्णे. जो चीत्कार उठला, त्यानं रस्त्यावरची बस थांबली. इकडं अशी रीत, की लग्नात काही अशुभ आवाज झाला तर तो ऐकू येऊ नये म्हणून वाजंत्र्यांनी जोरात मेळ वाजवायचा. वाजंत्री दचकून उठले आणि जीव खाऊन वाजवू लागले. आणि असा मेळ वाजतो तो मंगळसूत्राच्या वेळी, त्यामुळे मांडवातल्या यच्चयावत लोकांनी मुहूर्त लागला समजून हातातल्या अक्षता झोपाळ्यावर टाकल्या. माझ्यासुद्धा पडल्या.

हसण्याचा नुसता कल्लोळ. भटजी संतापलेले. नवऱ्याचे वडील घड्याळ दाखवू लागले, म्हणाले, ऊंजल पुरे, चला. कॅसेट मागं घेऊन संगणकात आकडे भरायला चांगली कॉफी गाळून होईल इतका वेळ लागे. मेव्हणा नुसता उभा होता, हातात वायर घेऊन. त्याच्याकडं बघवेना.

तेव्हा डोक्यावर अक्षता घेऊन बसलेली आमची भाची झोपाळ्यावरून म्हणाली, "अप्पांचें गाणें झाल्याशिवाय मी उतरणार नाहीं." नवरा मुलगा शहाणा. तोही पाय दुमडून बसला.

आकडे भरले गेले. माइकवाल्यानं माइक टीव्हीपुढं धरला. पीं-पीं सुरू झालं, आणि पहिल्या ओळीवरच बायकांनी चाल ओळखली. माझ्या बायकोनं शब्द धरले, मग सगळ्यांनी. तिसरी ओळ आली. यंत्र थांबलं. बायका आपल्या वेगात पुढं गेल्या. एकटी भाची थांबली, यंत्राबरोबर, आणि यंत्राबरोबरच पुन्हा सुरू झाली. डोळे बापाकडं. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी इथेंच दम घ्यायच्या."

मी आजही म्हणेन की ते संगीत नव्हतं. मेव्हण्याला तोंडावरही पुष्कळदा म्हणालो, आणि तो दर वेळी हसून कॉफी पुढं करायचा. पुढं संगणक बिघडला, तो दुरुस्त करणारा कुंभकोणमात मिळेना. नंतर मेव्हणाही गेला. कॅसेट माझ्याकडं आहे, पण तिच्यातून आता किरकिरीशिवाय काही निघायचं नाही.

मागं आडुतुरैला एका लग्नात गेलो होतो. ऊंजलला पुढं उभ्या होत्या त्या पोरींनी वहिनींना पाहिलंही नव्हतं, मेव्हण्यालाही नाही. भाचीकडून शिकल्या होत्या. तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मध्ये, सगळ्या एकदम थांबल्या आणि एकदम सुरू झाल्या. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं माझ्या बायकोला विचारलं की शब्द असा मध्येच का तोडतात. बायको म्हणाली, "चालच तशी आहे." मी अक्षता धरून उभा होतो. त्या थांब्यानं मला मेव्हण्याची फार आठवण आली.