वीस मिनिटं उकळलेलं पाणी

सिरिंजमधलं रक्त डॉक्टरांनी मला दाखवलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. ते माझ्या दोन महिन्यांच्या मुलीचं होतं. तिचे ओठ आणि नखं निळसर पडली होती. नाकाला ऑक्सिजन लावूनही रंग पालटत नव्हता.

आजाराचं नाव मेथहिमोग्लोबिनेमिया. डॉक्टरांनी ते लिहून दिलं, तरी मला धड वाचता येईना. अर्थ एवढाच, की अंगात रक्त आहे, पण ते ऑक्सिजन पोचवत नाही.

मग त्यांनी विचारलं, "बाळाच्या दुधाची पावडर कोणत्या पाण्यात कालवता?"

मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेची, शाळेत क्लार्क. बाळंतपणाला माहेरी तळेगावला आले होते. अंगावरचं दूध आटलं म्हणून वरची पावडर सुरू केली होती. पाणी घरच्या बोअरचं, पण वीस मिनिटं उकळलेलं, असं मी जरा ठासूनच सांगितलं.

"उकळून जंतू मरतात," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात विरघळलेलं नायट्रेट जात नाही, आणि तान्ह्या बाळाचं रक्त त्यानंच असं होतं. पाणी आटतं, तसं ते उलट वाढतं."

म्हणजे मी काळजी घेत होते की काय करत होते? कितीतरी वेळ मी त्याच वाक्यापाशी अडकले होते.

शिरेतून मिथिलिन ब्लू नावाचं गडद निळं औषध दिलं. तासाभरात ओठ गुलाबी झाले. दुसऱ्या दिवशी दुपटं हिरवट-निळं झालं आणि मी घाबरून नर्सला हाक मारली. लघवीतून उतरलेला औषधाचाच रंग होता.

बाबांना हे पटेना. बोअर त्यांनी हौसेनं मारलेला; चार घरं तिथलं पाणी भरायची. "तू याच पाण्यावर मोठी झाली. मंग हिलेच काऊन?" ते वॉर्डाबाहेर आईला आणि मला विचारत होते.

आई माझ्याकडे बोट करून हळूच म्हणाली, "सहा महिने इले वरचा थेंब देला नाई मी."

 दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच पाण्याची बाटली भरून वर्ध्याच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. अहवालात नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. खतामुळे की गोठ्याजवळच्या उकिरड्यामुळे, ते तिथे कोणी नक्की सांगू शकलं नाही. आम्हालाही अजून कळलेलं नाही. पाणी नितळ आहे, चवीलाही गोड.

घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल, तर पाण्यातल्या नायट्रेटची तपासणी करून घ्या. रंग, वास, चव यांवर जाऊ नका. डॉक्टरांनी तो पाण्याचा प्रश्न विचारला नसता तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

घरी आलो त्या संध्याकाळी बाबा अहवाल घेऊन शेजारी गेले. तिथली सून गरोदर होती. मी दारातून ऐकलं. कुणापुढे मान न झुकवणारे माझे बाबा तिला म्हणत होते, "आमच्या बोअरचं पाणी लेकराले पाजजो नको, बाई."