अडवू नका

पवनमुक्तासनात आम्ही बाराजणी गुडघे पोटाशी आवळून पडलो होतो. "वायू अडवू नका," योगाच्या बाई म्हणाल्या. पण हॉलमध्ये आवाज झाला तर? प्रत्येकीने श्वासही रोखलेला. शरीर नको ते टाकायला बघतं आणि आपण त्याला चारचौघांची भीती घालतो!

शेजारच्या चटईवर सुनंदाताई होत्या. नवरा गेल्यावर महिन्याभराने आज पहिल्यांदा आलेल्या. डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. मला आमच्या वैद्यांचं बोलणं आठवलं. मल, मूत्र, वायू, शिंक अडवली की दुखणं मुरतं, असं बोटांवर मोजून सांगितल्यावर ते म्हणाले होते, "आणि आसवंसुद्धा."

तेवढ्यात हॉलमध्ये आवाज झालाच. सुनंदाताईंच्या हुंदक्याचा.

बाईंनी तिकडे पाहिलं नाही. सगळ्या वर्गाला सांगावं तसं पुन्हा म्हणाल्या, "अडवू नका."