मोटरला वीतभर माया

टेलरमास्तरांचं निम्मं आयुष्य तोंडात टाचण्या धरण्यात गेलं होतं. त्यामुळे त्यांची भाषा एका अक्षरावर येऊन थांबली होती: "हं."

पण कान देऊन ऐकलं तर त्या एका अक्षरात सगळं होतं. खालून वर चढत जाणारं "हंऽऽ?" म्हणजे 'शनिवारी पँट हवी? कुठल्या सालातल्या शनिवारी?' दोन तुटक "हं-हं" म्हणजे हात वर करा. नाकातून आलेलं "हं" म्हणजे 'पोट आत ओढू नका, मला सगळं दिसतं.' आणि एक होतं अगदी छोटं, जिना उतरताना शेवटची पायरी पायाला लागावी तसं खाली टेकणारं. ते फार दुर्मिळ. त्याचा अर्थ जमलं, काम घेतलं, आता काळजी सोडा. ते कानावर पडलं की गिऱ्हाईक घरी जाऊन निवांत झोपायचं.

टाचण्या निघायच्या त्या फक्त रविवारी. त्या दिवशी मास्तर दुकानाला कुलूप घालून तळ्यावर जायचे. तिथे त्यांची होडी होती, निळी, दोन माणसं आणि एक डबा मावेल एवढी. वल्हवत पलीकडच्या लव्हाळ्यात जायचं, गळ टाकायचा आणि बोलायला लागायचं. माशांशी. "तुला सांगतो, तो बँकवाला! कंबर वाढली स्वतःची आणि मला म्हणतो, मास्तर, तुमची टेप आटली वाटतं!" मासे ऐकून घ्यायचे आणि बहुतेक वेळा आमिषाला तोंड न लावता निघून जायचे. मास्तरांची तक्रार नव्हती. घरी मात्र टाचण्या नसल्या तरी ओठ सवयीने मिटलेले असायचे. 'भात वाढू?' 'हं.' 'ताप आहे का?' 'हं.' बायकोची समजूत अशी की आपला नवरा जन्मतःच अबोल.

आणि मग उजवा खांदा धरला. इतकी वर्षं जड इस्त्री फिरवलेला खांदा तो. एका रविवारी लव्हाळ्यातच आखडला. दुसऱ्या एका होडीवाल्याने दोरी बांधून मास्तरांना ओढत धक्क्यावर आणलं, चुकार म्हैस आणावी तसं. पुढे महिनाभर त्यांच्या शर्टाची बटणंसुद्धा बायकोनेच लावली.

"हात छातीच्या वर न्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि वल्ही तर विसराच."

मेहुण्याच्या कानावर हे गेलं आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नाक्यावर त्याचं हॉटेल होतं आणि प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे मत होतं, चहासारखं, सदा उकळतं. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात हजर.

"भावोजी, माझ्या डोक्यात एक आयडिया आहे. ऐका. होडी हॉटेलच्या दारात ठेवायची. आत माती भरायची. वर फुलझाडं! लोक फोटो काढतील, फोटो! होडीचं सोनं होईल, सोनं!"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. एक टाचणी गिळता गिळता राहिली.

"मी विजेवरची मोटर बसवणार आहे," टाचण्या काढून ते म्हणाले. मशीनवर बसलेली बायको चमकून वळली. आठवड्याच्या मधल्या वारी एवढं लांब वाक्य!

बायको मास्तरांपेक्षा डोकंभर उंच. लग्नाच्या फोटोत मास्तर पायरीवर उभे आहेत, ती जमिनीवर, आणि तरीही फोटोग्राफरला मास्तरांची मान ताणून घ्यावी लागली होती. तिचा निकाल असायचा तो असायचा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मोटर आणा. येत्या रविवारी मला त्या लव्हाळ्यापर्यंत न्या आणि परत आणा. वल्ह्याला हात न लावता. तुमची होडी तुम्हाला लखलाभ. पण अर्ध्यात अडकलात, तर हा माती भरायला मोकळा. तुमची बटणं लावायला मी पुन्हा महिनाभर बसणार नाही."

"ताई, लाखात एक बोललीस," मेहुणा म्हणाला, आणि तिथल्या तिथे झाडं निवडायला लागला.

मोटरच्या दुकानात मेहुणा आपणहून सोबत आला. दुकानदार बोलायला लागला की मधे श्वास कुठे घेतो ते कळत नसे. "या साहेब बसा साहेब, आपल्याला काय छोटी की मोठी, मोठी घ्या साहेब, मोठी म्हणजे कशी आयुष्यभर बघायला नको, आणि समजा पुढेमागे होडी मोठी घेतलीत साहेब—"

"मोठीच द्या!" मेहुणा म्हणाला. "जोर पाहिजे, जोर! अशी उडाली पाहिजे होडी!"

मास्तर दुकानातल्या तिन्ही मोटरींभोवती एक एक फेरी मारून आले. गिऱ्हाइकाभोवती मारतात तशी, किंचित मान कलती करून. मोठीला हात लावून वजन पाहिलं. एवढं लोखंड होडीच्या मागच्या फळीला लटकवलं की होडीचं नाक आभाळाकडे. काडीपैलवानाला पहिलवानाचा कोट घातला तर माणूस ऐटबाज दिसत नाही, कोट चोरीचा वाटतो. धाकटी उलट. ती शांत हवेत चालली असती, समोरून वारा सुटला की घोडं अडलं. मास्तरांनी मधल्या मोटरीवर बोट ठेवलं.

"वा साहेब, नजर आहे साहेब आपल्याला!"

"बॅटरी माझ्याकडची घ्या भावोजी," मेहुणा म्हणाला. "माझ्या जुन्या गाडीची पडली आहे. फुकट!"

गाडीची बॅटरी एका दणक्यात गाडी सुरू करते आणि मग आराम करते. इथे दिवसभर थोडी थोडी वीज देत राहणारी बॅटरी लागते, हे मास्तरांनी आधीच चार होडीवाल्यांना विचारून घेतलं होतं. त्यांनी मेहुण्याकडे पाहून नाकातून "हं" केलं. मेहुण्याने नकळत पोट सोडलं.

इथपर्यंत मास्तरांचं एक पाऊलही चुकलं नव्हतं. उरला तो मोटरचा दांडा. वर धरायची मूठ, खाली पाण्यात फिरणारा पंखा आणि मधे हा दांडा. तो किती लांब हवा?

"सोपं आहे साहेब. मागच्या फळीच्या टोकापासून पाण्यापर्यंत मोजायचं, त्याच्या खाली पंखा बुडेल एवढं धरायचं, की झालं साहेब."

मास्तर तळ्यावर गेले. गळ्यातली टेप काढली, वाकून मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. होडी हलत होती म्हणून तिलाही गिऱ्हाईक समजून म्हणाले, "सरळ उभे राहा, साहेब." माप अगदी बिनचूक निघालं. तोकडा दांडा बरोबर बसत होता.

पण मास्तरांना तोकडं या शब्दाचाच धसका होता. फार पूर्वी एकाची पँट त्यांच्या हातून दोन बोटं आखूड झाली होती. त्या माणसाने भांडण केलं नाही. तो रोज संध्याकाळी तीच पँट घालून दुकानावरून जाऊ लागला, सावकाश, मोजे दाखवत. पँट फाटेपर्यंत गेला. तेव्हापासून मास्तर प्रत्येक कपड्याला आतून भरपूर माया सोडत, म्हणजे शिवणीत जादा कापड दाबून ठेवत. माणूस वाढतो, कापड धुतल्यावर आटतं. आखूड झालेलं वाढवता येत नाही, लांब असलेलं आत घेता येतं. हा त्यांचा धर्म होता.

त्यांनी हिशेबात वीतभर माया धरली आणि लांब दांड्याची मोटर घेऊन आले. लोखंड धुतल्यावर आटत नाही, हे त्या क्षणी त्यांच्या मनात आलं नाही. आणि मोटर तर दर रविवारी धुतलीच जाणार होती.

रविवारी धक्क्यावर मेहुणा दोन कुंड्या घेऊन आला. "सहज आणल्यात," तो म्हणाला. "माप घ्यायला."

बायको होडीच्या पुढच्या फळीवर बसली, मांडीवर पर्स, न्यायाधीशासारखी. मास्तरांनी मूठ पिरगळली. मोटर गुणगुणली आणि होडी सुरेख निघाली. वल्ह्याचा खळखळाट नाही, धाप नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावर नवा कोट पहिल्याच ट्रायलला बसल्याचं तेज आलं.

ते तेज लव्हाळ्याच्या अलीकडेपर्यंत टिकलं. तिथे तळं उथळ. वीतभर जास्तीचा दांडा खाली गेला आणि पंख्याने गाळ ढवळायला घेतला. पाणी काळंभोर झालं. मग पंख्यात पाणवेली गुंडाळल्या, रिळात दोरा अडकावा तशा. मोटर घरघरली आणि गप्प बसली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हं."

"काय हं?"

मास्तरांनी दांडा वर ओढला, वेली सोडवल्या आणि डोकं लावलं. दांडा फळीवरच्या कडीत वरखाली सरकत होता, तो स्क्रू सैल करून वीतभर वर घ्यायचा! घेतला. पंखा गाळापासून सुटला. लांब असलेलं आत घेता येतं ते असं. फक्त आत घेतलेलं वर निघालं. वल्हं धरावं तशी मांडीजवळ असलेली मूठ आता मास्तरांच्या कानाशी आली होती.

त्यांनी उजवा हात उचलला. छातीपर्यंत गेला. खांदा म्हणाला, इथपर्यंतच. डाव्या हाताने धरायला ते उलटे बसले, तर होडी स्वतःभोवती फिरायला लागली. मूठ उजवीकडे ढकलली की होडी डावीकडे जाते, हा हिशेब उलट्या बसलेल्या माणसाला दुप्पट उलटा पडतो. एक चक्कर झाली. दुसरी झाली. बायको धक्का बघत होती, मग झाडं, मग लव्हाळी, मग पुन्हा धक्का.

"भावोजीऽ!" लांबून मेहुण्याने आरोळी ठोकली. "गिरण चालू केलीत काऽ? माती पोत्यात भरून तयार आहेऽ!"

मास्तरांचा हात पायाशी पडलेल्या वल्ह्याकडे गेला. बायको बघत होती. हात थांबला. आता वल्हं उचलावं तर होडी गेली, न उचलावं तर संध्याकाळपर्यंत गोल गोल. त्या निळ्या होडीत माती दिसायला लागली, मातीत झाडं, झाडांपुढे दात काढून उभे राहिलेले फोटोवाले.

"सरका," बायको म्हणाली.

"अगं, पण—"

"सरका म्हणते ना! मला गरगरायला लागलंय."

होडीत जागा बदलणं म्हणजे एका पँटमध्ये दोघांनी शिरणं. ती रांगत मागे आली, ते रांगत पुढे गेले, मधे कुठेतरी पर्स मास्तरांच्या गळ्यात अडकली. होडी एकदा या बाजूला कलली, एकदा त्या. धक्क्यावरून मेहुणा ओरडला, "ताई, पोहता येतं का भावोजींना?"

बायको मागच्या फळीवर बसली आणि तिने हात पुढे केला. मूठ बरोबर तिच्या कोपराच्या रेषेत. जणू तिच्यावर माप घेऊन बेतली होती.

वाऱ्याने तिचा अंबाडा सुटला होता. तिने केसातल्या पिना काढल्या, ओठांत धरल्या, एका हाताने केस आवळले आणि दुसऱ्या हाताने मूठ पिरगळली. एकदम शेवटपर्यंत. होडी लव्हाळ्यात घुसली. तिने उलटी पिरगळली, होडी मागे आली. तिसऱ्या झटक्याला तिला समजलं, आणि होडी लव्हाळ्याच्या कडेकडेने अशी निघाली, जशी सरळ शिवणीवरून सुई.

पुढे बसलेल्या मास्तरांना काही करायचं नव्हतं. त्यांचं तोंडही रिकामं होतं. वल्हवताना माणसाची पाठ पुढे असते. इतकी वर्षं त्यांनी मागे पडत जाणारा धक्काच पाहिला होता. आता लव्हाळी समोरून येत होती. मास्तर बोलायला लागले.

"इथे, हे बघ, या खुंटाजवळ एक म्हातारा मासा आहे. चावत नाही, फक्त ऐकतो. त्याला मी तो बँकवाला सांगितला होता. अगं, तो काय म्हणतो, मास्तर तुमची टेप आटली! आणि चालतो कसा माहीत आहे?" मास्तरांनी बसल्या जागी बँकवाल्याचं पोट काढलं, त्याचा घोगरा आवाज काढला. मग डॉक्टरांचा. मग "या साहेब बसा साहेब" करत मोटरवाल्याचा, न थांबता, चेहरा लाल होईपर्यंत. मग मेहुण्याचा: "होडीचं सोनं होईल, सोनं!"

बायको हसली की होडी नागमोडी जायची. तिच्या तोंडात पिना होत्या, बोलता येत नव्हतं. या माणसाच्या तोंडात एवढं सगळं होतं, आणि ते सगळं आजवर मासे ऐकत होते! तिने होडी मुद्दाम लांबच्या वळणाने घेतली.

धक्का जवळ आला तसा मेहुणा कुंड्या उचलून पुढे आला. "हे धरायचं नाही हं! भावोजींनी कुठे चालवली? ताई, तू चालवलीस! आणि भावोजी, तो दांडा केवढा लांब घेतलात हो! मी कापून आणतो उद्या, आमच्या ओळखीचा लोहार आहे—"

"हं-हं!" बायको पिनांमधून म्हणाली. मेहुण्याने दोन्ही हात वर केले. कुंड्या पाण्यात गेल्या.

मास्तर उतरले नाहीत. पर्स अजून गळ्यातच होती. होडीची कड घट्ट धरून ते बायकोकडे वळले. मघाचा बँकवाला, मोटरवाला, सगळे आवाज पळून गेले होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "ठेवायची ना होडी?"

बायकोने मोटर बंद केली. पिना अजून ओठांतच होत्या.

"हं," ती म्हणाली.

"हं म्हणजे काय, ताई?" पाण्यातल्या कुंड्यांकडे बघत मेहुणा म्हणाला. "हो का नाही?"

मास्तरांना ऐकू आलं होतं: छोटं, आणि शेवटची पायरी पायाला लागावी तसं, खाली टेकलेलं.