आग दाखवलेली स्प्रिंग

गोरक्षचे वडील वारले तेव्हा त्याच्या मामानं, कानिफनाथानं, त्याला पाथर्डीकडच्या गावातून नगरला आणलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुणे रस्त्याला, शहर संपता संपता मामाचं गाड्यांचे पाटे आणि स्प्रिंगा दुरुस्त करायचं दुकान होतं. ट्रक यायचे, लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीप यायच्या. पाटा कसा उलगडायचा, थंड लोखंडावर हातोडी कशी टाकायची, हे गोरक्ष मामाकडेच शिकला. मामाची एक ताकीद त्याच्या हाडात भिनली होती. "पाट्याला आन स्प्रिंगला आग दावायची न्हाई. लोखंडाचं पाणी मेलं, की लोखंड मेलं."

एकाहत्तर साल उजाडेपर्यंत गोरक्ष सव्वीस वर्षांचा झाला होता, आणि मामा तो मामा राहिला नव्हता. भंगारातला तडा गेलेला पाटा घासून, काळा रंग मारून तो नवा म्हणून विकायचा आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की दात कोरत हसायचा. ते हसू पाहिलं की गोरक्षला जेवण जायचं नाही. पण खाल्ल्या मिठाची आण होती. तो मान खाली घालून काम करायचा.

भाद्रपदात सुमंत नावाचा तरुण जुनी फियाट घेऊन आला. तो कोर्टात कारकून होता. वडील मागं ठेवून गेलेली ही गाडी आणि म्हातारी होत चाललेली आई, एवढाच त्याचा संसार. पुण्यात त्यानं कुणाची तरी जमिनीलगत बसलेली गाडी पाहिली होती, आणि तेव्हापासून आपलीही गाडी तशीच खाली बसावी असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"कमी पैशात होईल का, मिस्त्री?" त्यानं विचारलं.

"हुईल की," मामा म्हणाला. "दुपारच्याला न्या."

गोरक्षच्या कपाळाला आठी पडली. चांगली उभी गाडी मुद्दाम बसवायची ही हौसच त्याला ओंगळ वाटली. तरी नीट करायचं तर दोन दिवस लागतील असा हिशेब त्यानं मनात मांडला. मामानं मात्र गाडी जॅकवरसुद्धा घेतली नाही. मडगार्डखाली गॅसची ज्योत घातली आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगा जागेवरच लाल होईस्तोवर तापवल्या. गाडी स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली बसत गेली, एखादं जनावर गुडघे टेकतं तशी. जळक्या रबराचा आणि ग्रीसचा वास दुकानभर पसरला. 

"मामा, तुमीच सांगितलं हुतं ना, आग दावायची न्हाई म्हनून?"

"गिऱ्हाइकाला गाडी खाली दिसती ना? मग झालं."

"रस्त्यात स्प्रिंग बसंल. मानूस मरंल."

"आपल्या दारात तर न्हाई ना मरायचं," मामा म्हणाला, आणि दात कोरू लागला.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष कोर्टाच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. सुमंत बाहेर आल्यावर त्यानं मामाच्या कामाचं खरं काय ते सगळं सांगितलं. "गाडी चालवू नका. मी नीट करून देतो." सुमंतनं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "बघू नवरात्रानंतर. आईला केडगावच्या देवीला न्यायचंय. जेमतेम तीन मैल तर आहे."

त्या तीन मैलांतच घात झाला. एका खड्ड्यात डावीकडची स्प्रिंग पार बसली, टायर मडगार्डला घासून फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. सुमंतला खरचटलंसुद्धा नाही. त्याच्या आईचं, सुनीतीबाईंचं, हासळीचं हाड मोडलं.

सुमंत तणतणत दुकानात आला. मामानं त्याला धड बोलूही दिलं नाही. शेजारी काम करणाऱ्या गोरक्षकडे बोट करून तो म्हणाला, "ह्यानं केलंय. माझा भाचाय. हात कच्चाय अजून."

गोरक्षनं सुमंतकडे पाहिलं. खरं काय ते या माणसाला ठाऊक होतं. सुमंतनं नजर चुकवली. "सांभाळून करत जा," एवढंच पुटपुटला आणि निघून गेला. भाच्यानं गाडी बिघडवली हे त्यालाही सोयीचं होतं, कारण आपल्याला आधी कुणी बजावलं होतं हे मग आईला सांगावं लागणार नव्हतं.

गोरक्षनं घासलेटानं हात धुतले. पुन्हा धुतले. ग्रीस निघालं तरी हात घाणच वाटत होते. मामीनं दुपारी दिलेली भाकरी फडक्यात तशीच ठेवून तो दुकानाबाहेर पडला, आणि त्या रात्री एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडे झोपला.

आठ दिवसांनी सुनीतीबाईंनीच त्याला बोलावून घेतलं. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. हात गळ्यात बांधलेला, तरी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सुमंत दाराशी उभा होता.

"गाडी तू बिघडवलीस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, बाई. मामानं. आन त्ये बरूबर न्हाई हे मी ह्यांना आदीच सांगितलं हुतं."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. सुमंतची मान वर झाली नाही. मग त्या गोरक्षला म्हणाल्या, "याची हौस जीव सांभाळून होण्यासारखी असेल तर कर. नसेल तर गाडी आहे तेवढी उंच राहू दे. खर्च मात्र आम्हाला झेपेल एवढाच कर."

गोरक्षनं त्यांच्याच अंगणात काम धरलं. भंगारातून त्याच गाडीची, आगीपासून लांब राहिलेली स्प्रिंगांची जोडी शोधून आणली. गाडी भक्कम घोड्यांच्या टेकूवर चढवली, जुन्या स्प्रिंगा उसळू नयेत म्हणून साखळीनं बांधूनच सोडवल्या. आणलेल्या जोडीचा अर्धा अर्धा वेढा हातकरवतीनं कापला, तापू नये म्हणून मधून मधून पाणी सोडत, दोन्ही अगदी सारख्या. मागचे पाटे एकेक सुटा करून त्यांची कमान थंड हातोडीनं थोडी उतरवली. मग वाळूची चार पोती गाडीत घालून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. चाक आणि मडगार्ड यांच्यात तीन बोटं जागा राहिली. शेवटी सुतळी ताणून पुढच्या चाकांचा रोख पाहिला. चार दिवस लागले. गाडी दीड इंच उतरली.

सुमंत सामान हातात देत होता. चौथ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "अजून अर्धा इंच नाही का होणार?"

गोरक्षनं त्याच्याकडे पाहिलं. आई आत गळ्यात हात बांधून बसलेली आणि याला अर्धा इंच हवा होता. मामाची आली होती तशीच शिसारी त्याला आली. "न्हाई," एवढंच तो बोलला.

स्टेशनकडच्या रस्त्याला एका कडुलिंबाखाली त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक सुनीतीबाईंनीच पाठवलं, त्यांच्या शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर. दिवाळीच्या तोंडावर मामी, बनुबाई, डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत पिठलं-भाकरी होती.

"मामा म्हनत्यात, झालं गेलं इसरून घरी ये."

गोरक्षनं भाकरी घेतली. मामीचा काही दोष नव्हता. तिथंच मातीत बसून तो पोटभर जेवला.

"त्यांना काय सांगू?" मामीनं विचारलं.

"सांगा, गोरक्ष जेवला. चांगलं झालं हुतं पिठलं."

"आन येन्याचं?"

त्यानं पाटी पुसून तिच्यापुढं सरकवली. मामीनं रिकामी पाटी उचलली, पदर सारखा केला आणि ती उन्हातून परत निघाली. एक जीप केव्हाची तिष्ठत उभी होती. गोरक्ष हात धुऊन तिच्याखाली शिरला.