फुवांच्या डोक्यातला किडा

जगात डोक्यात किडा असलेली माणसं पुष्कळ. कुणाच्या डोक्यात जमिनीचा किडा वळवळतो, कुणाच्या डोक्यात निवडणुकीचा. पण ज्याच्या डोक्यात खरोखरीचा, फोटोत दिसणारा किडा होता आणि ज्यानं त्याची मर्जी घरजावयासारखी सांभाळली, असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे फुवा. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही खानदेशी लोक आत्याला फुई म्हणतो, सुरतेतही तिला फोईच म्हणतात, त्यामुळे ह्या एका नात्याला तरी गाव सुटल्याचं कधी कळलं नाही. मी लहानपणापासून ह्या दोघांकडेच वाढले, सुरतेच्या नवागामातल्या दोन खोल्यांत.

फुवा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला होते. तिथल्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती. ते घरात 'मीठ दे' म्हणाले की शेजारची बाई मीठ घेऊन यायची. माळकरी माणूस, चातुर्मासात कांद्यालाही शिवायचे नाहीत, पण कच्च्या भाजीचं भयंकर वेड. खाडीकाठच्या मळ्यातली हातगाडी आली की त्यातला मुळा उचलायचा, बाहीला पुसायचा आणि तिथंच कचाकचा खायचा. "शिजवलं की भाजीतला जीव जातो," असं त्यांचं शास्त्र होतं. फुई कपाळाला हात लावून म्हणायची, "तुमना डोकामा किडा शे!" त्या मुळ्यातला जीव किती चिवट होता ते आम्हांला पुढे कळलं.

फुई गेली आणि वर्षभरात फुवांना नवीनच सवय लागली. भाजी निवडता निवडता, दाढी करता करता ते एकदम थांबायचे. मान डावीकडे कलायची, डोळे कुठेच नसायचे, ओठ चावल्यासारखे हलायचे, आणि मग ते चक्क हळू आवाजात म्हणायचे, "उनू, उनू." म्हणजे आलो, आलो. आयुष्यात कधी हळू न बोललेला माणूस तसा बोलला की माझ्या अंगावर काटा यायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "फुवा, कोण बोलावतं?" ते म्हणाले, "कोण बोलावणार? तुझी फुई. पाठीमागून, चुलीपासून. 'ओ, आयकं का, जेवाले या. भाकर गार व्हई ऱ्हायनी.'" हे त्यांनी नळाला पाणी आलं सांगावं इतक्या साधेपणानं सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांनी मला घरात अहिराणी बोलायची बंदी केली. माझा आवाज फुईसारखा आहे असं सगळी गल्ली म्हणायची. "तू गुजराती बोल, नाहीतर शाळेतलं मराठी बोल," फुवा म्हणाले. "अहिराणी नको. माझा घोटाळा होतो." मीही गुजराती मैत्रिणींत वाढलेली, मला काय फरक पडणार होता! पण पाठमोऱ्या फुवांशी बोलताना मी आधी भांडं वाजवायला शिकले.

प्लेगच्या वेळी सुरत रिकामी झाली, आमची अख्खी गल्ली भुसावळकडच्या गाडीला लोंबकळून पळाली. मी बोचकं बांधून तयार होते. फुवा जागचे हलले नाहीत. "तिनं जेवायला बोलावलं आणि मी इथं नसलो तर?" ते म्हणाले. तोंडाला फडकं बांधून आम्ही दोघंच राहिलो. त्या सामसूम गल्लीत लूमसुद्धा बंद होते, आणि घरात अधूनमधून एवढंच ऐकू यायचं, उनू, उनू.

पुढे नुसतं थांबणं राहिलं नाही, फुवा पडू लागले. हातपाय झटके द्यायचे, तोंडाला फेस यायचा. एकदा लूमवरच पडले, सोबत्यानं मागून ओढलं म्हणून पट्ट्यात नुसती बाही गेली, हात वाचला. मग मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो निघाला. डॉक्टर गुजराती, सज्जन माणूस. फोटोवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, आपके दिमाग में कीड़ा है." फुवा ताडकन उठले. "घरच्या बाईनं म्हटलं ते ऐकून घेतलं," ते गरजले, "आता डॉक्टरपण म्हणणार?" आणि चपला घालून चालू लागले. बाहेर रांगेतले पेशंट घाबरून उभे राहिले.

त्यांना परत बसवून डॉक्टरनं नीट समजावलं. धुतल्याशिवाय खाल्लेल्या भाजीतून डुकराच्या जंताची अंडी पोटात जातात, तिथून एखादं पिल्लू मेंदूत जाऊन बसतं. आपल्याच शरीरातली प्रथिनं अंगावर पांघरून ते वर्षानुवर्षं गुपचूप राहतं, मेंदूला वाटतं घरचंच कुणीतरी आहे. ते म्हातारं झालं की पांघरूण विरतं, मेंदू त्याला ओळखतो, जागा सुजते, आजूबाजूच्या पेशींतली प्रथिनं बिघडतात आणि त्या पेशी भलतंच बोलू लागतात. पाठीतून काढलेल्या पाण्यातही प्रथिनं वाढलेली निघाली होती. ह्यातलं फुवांनी एवढंच उचललं आणि गल्लीभर सांगितलं, "माझ्या डोक्यात प्रोटीन वाढलंय. लोक डबे विकत आणून खातात, मला आपोआप!" डुकराचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी हाकेबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाला की किडा कानाच्या वर बसलाय, जिथं ऐकलेलं साठतं तिथंच. गोळ्यांनी तो मरेल, झटके थांबतील, हाकही थांबेल. नाही घेतल्या तर एखादा झटका थांबायचाच नाही. फुवांनी गोळ्यांची पुडी फुईच्या तसबिरीमागे ठेवून दिली. मी रडले, भांडले, जेवण टाकलं. ते म्हणाले, "एकदा मेलीच ना ती? आता परत मी मारू?" मला तर मायबाप हेच एक उरले होते. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवाही वाटायचा, कारण ती मला एकदाही बोलावत नव्हती.

मग एका दुपारी ते दारातच कोसळले. शुद्धीवर यायला फार वेळ लागला. डोळे उघडल्यावर त्यांनी हळू आवाजात, त्या 'उनू'च्या आवाजात म्हटलं, "गोळी दे." मी घाबरत विचारलं, "फुई काय म्हणाली?" "तेच. जेवाले या." मग ते म्हणाले, "पण ह्या वेळी पाठीमागून नाही. समोरून बोलावलं, दाराबाहेरून." मी तसबिरीमागची पुडी काढली, पाणी आणलं.

गोळ्यांनी काम केलं. झटके गेले, थांबणं गेलं, मुळासुद्धा फुवा धुऊन खाऊ लागले. माणूस अगदी शहाणा झाला, आणि सांगायला वाईट वाटतं, पण घर ओस पडलं. जेवायच्या वेळी ते चुलीकडे पाठ करून बसायचे आणि बसूनच राहायचे. मी आपली शाळेतल्या मराठीत म्हणायची, "फुवा, जेवायला चला." ते "हो" म्हणायचे, पण उठायचे नाहीत.

असेच एकदा बसले होते. मी ताट घेऊन त्यांच्या मागे उभी होते, भांडं वाजवायला हात मोकळा नव्हता. तोंड उघडलं ते 'चला' म्हणायलाच. बाहेर आलं ते असं, "ओ, आयकं का, जेवाले या. भाकर गार व्हई ऱ्हायनी." आवाज माझाच होता, असं मी आजही स्वतःला सांगते. पण त्या दिवशी मी भाकरी केलीच नव्हती, खिचडी टाकली होती.

"उनू," फुवा हळूच म्हणाले. उठले, हात धुतले, पाटावर बसले आणि पोटभर जेवले. कुणी हाक मारली ते पाहायला त्यांनी मान वळवली नाही.